बोलुन्तारियो आणि बोलुन्तारियोसो

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या स्वपरिचयात एक वाक्य मला पुन्हापुन्हा दिसतं: 'सोय मुय बोलुन्तारियोसा'. लिहिणारीला सांगायचं असतं, मी स्वयंसेवेचं काम खूप करते. स्पॅनिश माणूस वाचतो, 'मी फार उत्साही आहे', किंवा त्याहून वाईट, 'मी म्हणेन तेच झालं पाहिजे'. पाठ्यपुस्तकं बोलुन्तारियो-बोलुन्तारियोसो या जोडीकडे लक्षच देत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

बोलुन्तारियो तुम्हाला येतोच. नाम असेल तर स्वयंसेवक, विशेषण असेल तर ऐच्छिक, बाईसाठी बोलुन्तारिया.

घोळ होतो तो '-ओसो'पाशी. हा प्रत्यय बराचसा आपल्या '-आळू'सारखा: कारिन्योसो म्हणजे मायाळू. बोलुन्तारियोसोच्या मुळाशी आहे बोलुन्ताद, म्हणजे इच्छा. ती कामाकडे वळली तर माणूस मनापासून राबणारा, स्वतःच्या लहरीकडे वळली तर हेकेखोर. रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या संस्थेच्या कोशात दोन्ही अर्थ दिले आहेत. कोणता घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरतं. आई वैतागून 'नीन्यो बोलुन्तारियोसो' म्हणाली तर पोरगं हट्टी. फुटबॉलचा समालोचक एखाद्या आघाडीच्या खेळाडूला बोलुन्तारियोसो म्हणाला तर तो धावतो जीव तोडून, पण कसब बहुधा बेताचंच. म्हणून नोकरीच्या अर्जात हा शब्द स्वतःबद्दल लिहूच नका. मेहनती म्हणायचं असेल तर त्राबाखादोर लिहा.

स्वयंसेवेसाठी माझी पसंती 'आगो बोलुन्तारियादो'ला, म्हणजे 'मी स्वयंसेवा करते'. बोलुन्तारियादो म्हणजे ते काम, ती व्यवस्था. स्पेनच्या 2015च्या कायद्याच्या नावातही हाच शब्द आहे. सध्यापुरतं कुठे काम करत असाल तर 'एस्तोय दे बोलुन्तारिया'. 'बोलुन्तारियार' असं क्रियापद मात्र मनानं बनवू नका. पुढे होऊन नाव दिलं, तर 'मे ओफ्रेसी कोमो बोलुन्तारिया'.

असाच एक गोंधळ लिब्रे आणि ग्रातिसचा, तो तर आपल्याला व्हायलाच नको. मोकळं आणि फुकट यांत मराठी माणूस कधी चुकत नाही. मध्ये इंग्रजी घातली की चुकतो, कारण तिथे दोन्हींना 'फ्री' म्हणतात. थेट मराठीतून शिका.

नुसत्या बोलुन्तादचा एक वापर मला फार आवडतो. स्पेनमध्ये रस्त्यावर वाजवणाऱ्याला किती द्यायचे असं विचारलंत, तर तो म्हणेल, 'ला बोलुन्ताद'. म्हणजे, तुमच्या खुशीनं द्या.