ट्रायकोडर्मा आणि बिनविषारी ॲस्परजिलस: गल्लत नको

कोकणात भात निघाल्यावर भुईमूग टोकणारे बरेच जण बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळतात आणि आता दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होणार नाही म्हणून निर्धास्त होतात. इथेच फसगत होते. अफ्लाटॉक्सिनवर वापरतात ती बुरशी वेगळी. ज्या ॲस्परजिलस फ्लेव्हसमुळे हे विष होतं, त्याच जातीचा तो वाण, फक्त विष बनवू न शकणारा.

ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशीला विळखा घालून तिची पेशीभिंत विरघळवतो. मूळकूज, खोडकूज हे त्याचं क्षेत्र. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम पूड चोळून सावलीत सुकवावी आणि लगेच टोकणी करावी. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलंत तर पूड फुकट. फ्लेव्हसलाही तो थोडाफार दाबतो, पण तेवढ्यावर दाणे निर्धोक समजू नयेत.

बिनविषारी फ्लेव्हस कुणाला मारत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तसा तो विषारी भाऊबंदांच्या आधी माती आणि शेंग अडवतो. म्हणून वेळ चुकली की सगळंच चुकलं. अमेरिकेत एएफ-३६ हा असा वाण २००३ साली कापसासाठी नोंदला गेला. आफ्रिकेत अफ्लासेफ वापरतात, त्यात त्या-त्या देशाच्या मातीतले वाण असतात. निर्जीव केलेल्या ज्वारीवर बीजाणू चढवून ती हेक्टरी १० किलो, म्हणजे गुंठ्याला साधारण १०० ग्रॅम, ओल्या जमिनीवर विखुरतात. मक्यात फुलोऱ्याआधी २-३ आठवडे. जमीन कोरडी असेल तर बुरशी उगवत नाही, दाणे मुंग्या-पाखरं नेतात. नंतर कोळपणी केली तर ज्वारी मातीआड जाते आणि बीजाणू पसरत नाहीत.

हा माल घरी बनवायच्या फंदात पडू नका. विषारी आणि बिनविषारी फ्लेव्हस दोन्ही पिवळट हिरवे. डोळ्यांनी फरक कळत नाही. साठवलेल्या शेंगांवर हिरवं दिसलं की "ट्रायकोडर्मा आलाय" म्हणणारेही भेटतात. तसे दाणे सरळ टाकावेत. भाजून विष पुरतं जात नाही, आणि गाईला घातले तर ते दुधात उतरतं.

दाणे भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नये, काढताना फुटलेल्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. शेंगा निघाल्यावर पुढचं काम उन्हाचं. मे महिन्यात वळवाचा पाऊस गाठायच्या आत, रात्री ताडपत्रीखाली झाकून, दाण्यातला ओलावा ७-८ टक्क्यांवर आणावा. शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे.