पोटातली चाळण आणि भांड्यातली भुकटी

पलूस तालुक्यात माझ्या भाच्याने चाळीसेक सशांची शेड उभी केली आहे. परवा गेलो तेव्हा माझी पहिली नजर गेली पिंजऱ्यांच्या खाली. लेंड्यांच्या ढिगावर खाद्याच्या तांबूस भुकटीचा थर बसला होता, मध्ये मध्ये दाबून केलेल्या खाद्याच्या अख्ख्या गोळ्या दिसत होत्या आणि चार गावठी कोंबड्या तो थर उकरत होत्या. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "वाया कुठं जातंय मामा, कोंबड्या खात्यात की."

हे उत्तर मी याआधीही ऐकलं आहे, शेळ्यांच्या गव्हाणीपाशी आणि गाईंच्या गोठ्यातही. पण सशाच्या बाबतीत ते फार महागात पडतं. ससेपालनात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा. मांसासाठी वाढवलेला ससा एक किलो वजन वाढवायला साधारण तीन ते साडेतीन किलो गोळी खातो. समजा साडेतीन किलो धरले आणि भांड्यात टाकलेल्यापैकी १५ टक्के सांडलं, तर तोच एक किलो मिळवायला चार किलोंहून जास्त विकत आणावं लागतं. सशाची वाढ चांगली असते, जात चांगली असते, तरी वहीत हिशेब बसत नाही. मग माणूस पिल्लांना दोष देतो, नाहीतर गोळी बदलतो.

आम्ही त्या संध्याकाळी सहा पिंजऱ्यांखाली खताची धुतलेली पोती अंथरली. लेंड्या वेगळ्या व्हाव्यात म्हणून पोत्यांच्या वर जाळीचा तुकडा ताणून बांधला. सहा पिंजऱ्यांत मिळून ९०० ग्रॅम गोळी मोजून टाकली. सकाळी पोत्यांवर जमलेलं पिठाच्या चाळणीने चाळून काट्यावर ठेवलं. १३० ग्रॅम भरलं. त्यात अख्ख्या गोळ्या ४० ग्रॅम आणि भुकटी ९० ग्रॅम. भाच्याचं म्हणणं होतं की ससे खोडकर आहेत, पुढच्या पायांनी उकरून मुद्दाम सांडतात. उकरतात हे खरं. पण का उकरतात, याचं उत्तर त्या ९० ग्रॅममध्ये आहे.

ससा खातो कसा हे जवळून बघा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मागचंही त्याला दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं दिसत नाही. तोंडापाशी आलेली गोळी तो मिशांनी आणि ओठांनी चाचपतो. वरचा ओठ मधोमध फाटलेला असल्यामुळे दोन बोटांसारखा चालतो. ओठ गोळी धरतात, पुढचे दात ती तोडतात. मग पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून जीभ तो तुकडा मागे सरकवते आणि दाढा तो आडव्या घासून बारीक करतात. या सगळ्या रचनेत धरता येण्याजोगा तुकडा लागतो. भुकटी ओठात येत नाही. शिवाय ससा जवळपास पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो. भुकटीत तोंड खुपसलं की ती नाकात जाते आणि तो शिंकून मागे सरतो. सशांमध्ये श्वसनाचे आजार आधीच फार, त्यात ही धूळ म्हणजे रोजचा त्रास. मग तो पायाने भुकटी बाजूला करून खालची गोळी शोधतो. आपल्याला दिसते ती नासधूस, त्याच्या लेखी ते निवडणं असतं.

भुकटी भांड्यात तोंडापाशीच का जमते, हे शाळेतल्या विज्ञानानेही कळतं. बरणीत शेंगदाणे आणि रवा एकत्र घालून हलवा, रवा दाण्यांमधल्या फटींतून खाली उतरतो. उभ्या डब्याच्या फीडरमध्ये हेच होतं. ससा दर वेळी भांड्याला नाक लावतो, धक्का देतो, आणि एका दिवसात तो २५ ते ४० वेळा थोडं थोडं खायला येतो. तितक्या वेळा डबा हलतो आणि बारीक कण तळाच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमके खाण्याच्या जागी, दाटून बसतात. त्यांच्या मागे गोळी अडते. आपण वरून बघतो तर डबा अर्धा भरलेला. आतला ससा मात्र रात्रभर उपाशी.

इथपर्यंत भाच्याला पटलं. मग त्याने असा प्रश्न विचारला की मी खूश झालो. म्हणाला, "पण मामा, शेवटी दाढेनं बारीकच करतोय न्हवं? मग आयतं बारीक का नको?"

याचं उत्तर सशाच्या मोठ्या आतड्यात आहे. माझ्या मते सस्तन प्राण्यांच्या शरीरातल्या सगळ्यात सुंदर यंत्रणांपैकी ही एक आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

माणसाचं आंत्रपुच्छ, ज्याला आपण सर्रास अपेंडिक्स म्हणतो, ते सगळ्यांना माहीत असतं. ते जिथे लोंबतं, तिथे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एका टोकाला बंद असलेली छोटी पिशवी असते, तिला अंधनाल म्हणतात. आपली अंधनाल नगण्य. सशाची मात्र एवढी मोठी की पचनमार्गातल्या एकूण ऐवजापैकी साधारण ४० टक्के एकट्या तिच्यात असतो. आत जिवाणूंची वस्ती असते. गाईच्या पहिल्या पोटात जसं वैरण आंबतं, तसं इथे आंबतं. फरक असा की गाईचं आंबवण्याचं पिंप जठराच्या आधी आहे, सशाचं जठर आणि लहान आतड्याच्या नंतर. म्हणजे जिवाणूंनी कष्टाने बनवलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार होतात तीच मुळी शोषण करणारं लहान आतडं मागे पडल्यावर. दुसऱ्या एखाद्या प्राण्याच्या बाबतीत हा माल सरळ शेणात गेला असता.

ससा हा माल वाया जाऊ देत नाही. अंधनालेच्या पुढे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात कप्प्याकप्प्यांच्या भिंती आहेत. तिथे आलेल्या लगद्यात पाणी सोडलं जातं आणि भिंती आकुंचन पावू लागतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून मोठे तंतूंचे तुकडे मधोमध राहतात आणि पुढे ढकलले जातात. बारीक कण, विरघळलेले पदार्थ आणि जिवाणू भिंतीच्या कडेला सरतात, आणि कप्प्यांच्या उलट्या लाटा त्यांना मागे, अंधनालेत परत नेतात. एकाच नळीत मधोमध पुढे जाणारी वाट आणि कडेने मागे येणारी वाट! पुढे गेलेला भरड भाग पाणी शोषून घेतल्यावर कोरडी, गोल, कडक लेंडी बनतो. पिंजऱ्याखाली पडते ती हीच.

ही चाळण दिवसभर एकाच दिशेने चालत नाही. पुढच्या आतड्यात एक जाड, मज्जातंतूंनी भरलेला पट्टा आहे. ससा आणि त्याच्या जवळच्या नातलगांखेरीज तो कुणात आढळत नाही. लाटांचा ताल तिथून ठरतो. खाण्याच्या वेळी कडक लेंड्यांचा ताल असतो. ससा निवांत बसतो, बहुधा सकाळी, तेव्हा ताल बदलतो. मागे ढकलणं थांबतं आणि अंधनालेतला आंबलेला ऐवज सरळ पुढे निघतो. त्यावर चिकट आवरण चढतं आणि त्याच्या मऊ, चमकदार गोळ्या बनतात, एकमेकींना चिकटलेल्या. तासगावच्या बागेतल्या माणसाला ते अगदी छोट्या द्राक्षांच्या घडासारखे वाटतील. ससा मान खाली घालून हा घड थेट गुदद्वारातून उचलतो आणि न चावता गिळतो. जमिनीला तो लागतच नाही, त्यामुळे "जाळीच्या पिंजऱ्यात सशाला हे करता येत नाही" हा समज चुकीचा आहे. या मऊ गोळ्यांत कडक लेंडीच्या जवळपास दुप्पट प्रथिनं असतात. जठरात गेल्यावरही आवरणाच्या आत काही तास आंबणं चालू राहतं, मग आवरण विरघळतं आणि प्रथिनं लहान आतड्यात शोषली जातात. फ्रान्समधल्या मोरो नावाच्या पशुवैद्याने १८८२ साली याचं वर्णन केलं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. ही चाळण चालायला भरड आणि बारीक दोन्ही लागतं. भरड तंतू आतड्याला पुढे ढकलायची चालना देतात. सगळंच बारीक गेलं तर सगळंच मागे अंधनालेत जमतं, जास्त वेळ पडून राहतं, तिथलं आंबणं बिघडतं आणि पिल्लांना हगवण लागते. गोळीसुद्धा मुळात दळलेल्या खाद्याचीच दाबून केलेली असते, जठरात ती पुन्हा विरघळते. म्हणून दळण फार बारीक नसावं, तंतू पुरेसे असावेत आणि सोबत वाळलेलं गवत किंवा लसूणघास असावा. बारीक करण्याचं काम दाढांचं आहे. ते आयतं करून दिलं तर आयुष्यभर वाढत राहणारे दातही झिजत नाहीत.

थोडक्यात, पोटातली चाळण बारीक राखते आणि भरड टाकते. भांड्याच्या चाळणीने नेमकं उलट करायला हवं.

बाहेरून पिंजऱ्याला अडकवायचा पत्र्याचा फीडर मिळतो, इंग्रजी जे अक्षरासारखा वळलेला. त्यात मला महत्त्वाच्या वाटतात त्या तीन गोष्टी. पहिली, तळ जाळीचा किंवा भोकांचा हवा. गोळी तीन-चार मिलिमीटर जाडीची असते, म्हणून दीड-दोन मिलिमीटरच्या भोकांतून भुकटी गळते आणि गोळी राहते. दुसरी, तोंडाची कड आतल्या बाजूला बोटभर वळलेली हवी. ससा उकरतो तेव्हा गोळी त्या वळणाला आपटून परत आत पडते. भाच्याच्या भांड्यांना सरळ कड होती, आणि ते ४० ग्रॅम तिथूनच सांडत होते. तिसरी, खाण्याची जागा पिल्लाला आत बसता येणार नाही इतकी अरुंद हवी, किंवा मध्ये तारेचे दांडे हवेत.

ही तिसरी गोष्ट फक्त नासाडीची नाही. सशांत कॉक्सिडिया नावाचे परजीवी आतड्यात आणि यकृतात रोग करतात, पिल्लं त्यानेच मोठ्या संख्येने दगावतात. त्यांची अंडीसदृश पुटं लेंडीतून बाहेर येतात. बाहेर आल्यावर ओल आणि हवा मिळून दोन-चार दिवस गेले की मगच ती रोग पसरवण्याजोगी होतात. ससा स्वतःच्या मऊ गोळ्या ताज्या खातो, त्यातून त्याला ही लागण होत नाही. पण पिल्लू फीडरमध्ये बसून घाण करतं, ती चार दिवस तिथेच राहते आणि त्यावर रोज नवी गोळी पडते, तेव्हा लागण होते.

मातीच्या परळात खाद्य ठेवणारेही पुष्कळ आहेत. परळ जड असला तर उलटत नाही, स्वस्त पडतो. पण त्यात भुकटी आणि लेंड्या साठतात, म्हणून रोज रिकामा करून धुवायची तयारी असेल तरच. मक्याचा भरडा, पेंड आणि कोंडा कोरडे मिसळून देणाऱ्यांची नासाडी सगळ्यात जास्त. ससा आवडतं तेवढं वेचतो, बाकी उधळतो. भरडाच द्यायचा तर थोडा भिजवून घट्ट मुटके करावेत आणि उरलेले काही तासांत काढून टाकावेत. हिरवा चारा पिंजऱ्यात न टाकता बाजूच्या तारेच्या गव्हाणीत उभा खोचावा. एकदा पायाखाली आलेला घास ससा खात नाही.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं. "ससा पाणी पीत नाही, पाणी दिलं की मरतो" हे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं, आता तर मोबाइलवरच्या व्हिडिओंतूनही. ओलं गवत खाणारा ससा कमी पाणी पितो, त्यावरून हा समज रुजला असावा. कोरडी गोळी खाणाऱ्या सशाला खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी लागतं. ते नाही मिळालं की तो गोळी खाणं सोडतो, भांडं भरलेलं राहतं, गोळी दमट होऊन फुटते आणि भुकटी वाढते. पिंजऱ्यातलं निपल, म्हणजे दाबलं की पाणी सोडणारी तोटी, कचऱ्याने तुंबलं तरी हेच होतं. सशाने खाणं सोडलं तर आधी निपल दाबून बघावं. आणि या समजापायी कुणी सशांना तहानलेलं ठेवत असेल तर ते क्रौर्य आहे, हे स्पष्ट सांगतो.  

जत-आटपाडीकडच्या कोरड्या हवेत भोकांचा तळ वर्षभर मोकळा राहतो. शिराळा किंवा पाटणकडे पावसाळ्यात भुकटी ओल धरते, भोकं लिंपली जातात आणि कोपऱ्यात बुरशी येते. शेंगदाण्याच्या पेंडीत वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, आणि ते सहन करण्याच्या बाबतीत ससा सगळ्यात नाजूक प्राण्यांपैकी आहे. म्हणून पावसाळ्यात दर दोन दिवसांनी फीडर काढून ताठ ब्रशने तळ घासावा, उन्हात नाहीतर चुलीजवळ वाळवावा. उन्हाळ्यात दुपारी भांडी भरू नयेत. सशाला घाम येत नाही, पारा तिशीपुढे गेला की तो खाणं कमी करतो. त्याची खरी जेवणवेळ दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत, तेव्हा मोठा वाटा संध्याकाळी द्यावा.

भाच्याने गावातल्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडून सहा फीडर वळवून घेतले आणि खाली पोती पुन्हा अंथरली. अख्ख्या गोळ्या पाच-सात ग्रॅमवर आल्या. भुकटी मात्र जवळजवळ तेवढीच निघाली, कारण ती दुकानातून आणलेल्या खाद्याच्या पोत्यातूनच येत होती. जाळीखाली त्याने आता पत्र्याचा ट्रे लावला आहे, म्हणजे भुकटी लेंडी-मुतात न पडता कोरडी मिळते. ती सांजच्याला कालवून कोंबड्यांना घालतो. आणि खाद्याच्या दुकानात जाताना घरातली पिठाची चाळण पिशवीत असते. पोतं उघडायला लावतो, तळापासून किलोभर काढून चाळतो, खाली पडलेलं तिथल्याच काट्यावर तोलतो. मागच्या खेपेला दुकानदाराने विचारलं, "हे काय रे?" भाचा म्हणाला, "हे ससा खात न्हाई, मग पैसे मी कशाचे देऊ?"