पाण्याविना धुलाई: मळ जातो कुठे?

दिवसभर घातलेल्या शर्टाची कॉलर उलटून पाहा. आत काळपट पट्टी दिसते. तिच्यात त्वचेचं तेल असतं, घामाचं मीठ असतं, मेलेल्या पेशी आणि रस्त्यावरची धूळ असते. पाणी मीठ विरघळवतं, साबण तेल सुटं करतो आणि शेवटी तेच पाणी सगळा मळ मोरीतून वाहून नेतं. पाण्याविना चालणारं कुठलंही यंत्र पाहिलं की मी या शेवटच्या कामाबद्दल आधी विचारतो. मळ सुटला, पण गेला कुठे?

कपाटासारखी दिसणारी वाफेची यंत्रं बाजारात आहेत. कपडे आत टांगायचे, वाफ सुटते, हँगर हलतात. वास आणि सुरकुत्या जातात, पण मीठ आणि तेल कापडातच राहतं. लग्नात एकदा घातलेल्या कोटाला ते उत्तम. शाळेच्या गणवेशाला त्याचा उपयोग नाही.

द्रव कार्बन डायऑक्साइडची पद्धत मला फार देखणी वाटते. 20 अंश सेल्सिअसला हा वायू हवेच्या सुमारे 57 पट दाबाखाली द्रव होतो. हा द्रव तेल विरघळवतो आणि धाग्यांच्या आतपर्यंत सहज शिरतो. त्यात काम करतील असे साबणासारखे रेणू अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डिसिमोन यांनी 1990 च्या दशकात विकसित केले. धुलाई संपल्यावर द्रवाचा पुन्हा वायू केला की कपडे कोरडेच बाहेर निघतात, मळ भांड्यात उरतो आणि वायू परत वापरता येतो. ड्रायक्लीनिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरलेलं पर्क्लोरोएथिलीन आरोग्याला घातक असल्याने अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम केला. त्यामुळे अशा पर्यायांचं महत्त्व वाढलं आहे.

पण घरात? कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या जेमतेम दुप्पट असतो. इथे तो पन्नास पटींच्या वर. त्यासाठी लागणारं जाड पोलादी भांडं फ्लॅटच्या बाल्कनीत येणं कठीण. शिवाय घामाचं मीठ या द्रवात विरघळत नाही. हे तंत्र लाँड्रीतच राहील असं मला वाटतं.

इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातल्या स्टीफन बर्किन्शॉ यांनी वेगळी वाट धरली. ते रंगाईचे अभ्यासक. पांढरा नायलॉन रंगीत कपड्यांबरोबर धुतला की त्यांचा रंग ओढून घेतो, ही घरोघरची तक्रार. हाच गुण त्यांनी कामाला लावला. ओलाव्यात नायलॉनची रचना थोडी सैल होते आणि सुटलेला मळ नायलॉनच्या बारीक मण्यांना चिकटून आत शिरतो. मणी शेकडो धुण्यांना पुरतात. यातून झेरॉस ही कंपनी उभी राहिली आणि आपल्याकडच्या आयएफबीने तिच्याशी करार केला. पाणी इथेही लागतं, पण बरंच कमी. झिजलेल्या मण्यांचं प्लास्टिक सांडपाण्यात जात नाही ना, हे मात्र काटेकोरपणे तपासायला हवं.

या बचतीची किंमत आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. एका धुण्याला 50 लिटर धरले तर ते 10 हजार धुण्यांत संपतं.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तर कपडे धुतच नाहीत. मळले की ते कचऱ्यात जातात आणि तो कचरा मालवाहू यानाबरोबर वातावरणात जळतो. मंगळाच्या प्रवासात ही चैन परवडणार नाही, म्हणून नासा कपडे धुण्याच्या पद्धती शोधते आहे. त्या शोधातही पाणी वगळलेलं नाही. ते अगदी थोडं वापरायचं आणि गाळून परत घ्यायचं, असा विचार आहे. स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवीतून 98 टक्के पाणी परत मिळवता येतं, हे 2023 मध्ये दाखवून झालं आहे. घरच्या यंत्रांनीही आधी हीच वाट धरावी: मळ गाळणीत अडवायचा आणि तेच पाणी पुढच्या धुण्याला घ्यायचं.