बार झाल्यानंतरचं रान

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात भुसा भरलेली जनावरं पाहताना नजर शिंगांवर आणि काचेच्या डोळ्यांवर खिळते. ही शिकार कोणत्या महाराजांची, हे आपण विचारतो. पण बार झाला की हरणाच्या जातीचं जनावर जागीच पडेल असं नसतं. काळजात गोळी लागलेलं सांबरसुद्धा पन्नास-शंभर पावलं धावत जाऊन जाळीत दिसेनासं होतं. तिथून पुढची शिकार माग काढणाऱ्याची. त्याचं नाव कुठल्याच शिंगाखाली नाही, आणि मला ते फार खटकतं.

संस्थानात शिकारीच्या दोन तऱ्हा होत्या. माळावर चित्ता सोडून काळवीट धरायचं. गाडीतून चित्ता नेत, डोळ्यांवरची टोपी काढत, आणि काही क्षणांत तो काळविटाचं नरडं धरी. मागाचा प्रश्नच नसे. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले.

राधानगरी-दाजीपूरकडचं रान मात्र वेगळं. तिथे हाका घालून, म्हणजे आरडाओरडा करत जनावरं रानातून उठवून, बंदुकीने शिकार चाले. कारवीत आणि करवंदीच्या जाळ्यांत दहा पावलांवरचं भेकर दिसत नाही. अशा रानात माग काढायचा तर पहिला नियम थांबण्याचा. जनावर उभं होतं ती जागा आधी बघायची: तुटलेले केस, उकरलेली माती, रक्त. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर गोळी फुप्फुसात, जनावर फार लांब गेलेलं नाही. काळपट रक्तात हिरवट चोथा आणि उग्र वास असेल तर पोटात. मग कित्येक तास पाठलाग करायचा नाही. पाठीवर माणूस नसला तर ते जवळपास बसतं. लगेच मागे लागलं तर उठून लांब जातं आणि कुठल्यातरी घळीत तडफडत मरतं. पानावरचा डाग किती उंचीवर आहे, त्यावरून जखम अंगात कुठे आहे ते कळतं. थेंब संपले तर शेवटच्या थेंबापाशी फांदी मोडून ठेवायची आणि तिथून गोल फिरत पुढची खूण शोधायची. पळत्या जनावराचे खूर फाकतात, मऊ मातीत मागची छोटी खुरंही उमटतात. पाऊस आला तर सगळं पुसलं जातं.

हे ज्ञान रानात जगणाऱ्यांचं होतं, धनगरवाड्यांवरच्या माणसांचं, फासेपारध्यांचं. इंग्रजी कायद्याने फासेपारध्यांवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. शाहू महाराज स्वतः शिकारी. त्यांनी या माणसांना जवळ केलं, कामं दिली आणि आपल्या संस्थानात त्यांना रोज सरकारदरबारी लावावी लागणारी हजेरी बंद केली.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५८ मध्ये दाजीपूरचं रान गव्यांसाठी अभयारण्य झालं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सांबर-भेकरांवर बंदूक रोखणं हा गुन्हा ठरला. माग काढणं मात्र थांबलं नाही. चोरट्या शिकाऱ्यांचे तारेचे फास शोधायला, गणनेच्या वेळी, फास तोडून पळालेलं जखमी भेकर गाठायला आजही तीच नजर लागते. पाणवठ्यावरच्या चिखलात वनमजूर उकिडवा बसतो, ठशाची कड बोटाने हलकेच चाचपतो. कड ओली आणि धारदार असेल तर मागे वळून हाताने खूण करतो: बोलू नका, जवळच आहे.