पार्श्वभूमी : तिकीट फाडायचं कुणी?

नाटकाच्या बुकिंगला खिडकीमागे ‘प्लॅन’ असायचा, म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. खुर्ची विकली की त्यावर फुली. दारावर डोअरकीपर तिकिटाचा तुकडा फाडून घ्यायचा. जागा मोजा, पैसे घ्या आणि एका तिकिटावर दोघांना आत सोडू नका, एवढाच कारभार. वेबसाइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमना, म्हणजे प्लगिनांनाही, हेच करायचं होतं, पण तिन्ही कामं एकदम साधली नाहीत.

वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ मध्ये आलं, प्लगिनची सोय २००४ मध्ये. २००६ च्या इव्हेंटब्राइट या तिकीटविक्रीच्या साइटमुळे छोट्या आयोजकालाही ऑनलाइन तिकिटं विकता येऊ लागली, मात्र विकल्या जाणाऱ्या तिकिटामागे शुल्क आलं. ते वाचवायचं तर विक्री आपल्याच साइटवर हवी. २०११ मध्ये वर्डप्रेसवर दुकान थाटून देणारं वूकॉमर्स हे प्लगिन आलं आणि त्याच्या आधाराने तिकिटं विकणारी प्लगिनं निघाली. पण वूकॉमर्स मुळात दुकान! त्याच्या लेखी तिकीट म्हणजे शर्टासारखाच माल. पैसे न भरलेली ऑर्डर, सेटिंग बदललं नाही तर, ६० मिनिटं माल अडवून ठेवते. शर्टाला हे चालतं. संध्याकाळच्या प्रयोगाची शेवटची दहा तिकिटं अशी अडकली, तर खुर्च्या रिकाम्या राहतात.

आपल्याकडे खरी अडचण पैशांची होती. वर्डप्रेसवाल्यांच्या वर्डकॅम्प मेळाव्यांसाठी लिहिलेलं कॅम्पटिक्स हे तिकिटांचं प्लगिन पेपाल या ऑनलाइन पैसे भरायच्या सेवेवर चालायचं. पण देशातल्या देशात रुपये देण्याघेण्याची सोय पेपालने भारतात २०१७ मध्ये दिली आणि एप्रिल २०२१ मध्ये बंदही केली. म्हणून इन्स्टामोजो, रेझरपे या रुपयांत पैसे घेणाऱ्या भारतीय सेवांची जोडणी करणारी पूरक प्लगिनं इथल्याच मंडळींनी लिहिली.

दाराचा प्रश्न सर्वांत उशिरा सुटला. आधी मोबाइलवर नावांची यादी उघडून टिचकी मारायची. पुण्यात ‘कुलकर्णी’ शोधून पाहा, मग कळेल. पुढे क्यूआर कोड आला. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने तो १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी काढला होता. प्रत्येक तिकिटाला वेगळा कोड. स्कॅन होताच साइटवरच्या नोंदीत ‘आला’ अशी खूण पडते आणि पुन्हा तोच कोड आला की फोन ‘वापरलेलं’ म्हणतो. फाडलेला तुकडा तो हाच. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच कोड पाच जणांना गेला, तर पहिला पोचेल तो आत.

सभागृहात नेटवर्क गेलं, की दोन दारांवरच्या दोन फोनांना एकमेकांचा पत्ता नसतो. तेवढा वेळ तेच तिकीट दोन्हीकडे चालतं. अशा वेळी एकच दार उघडं ठेवलेलं बरं.