वकिलाच्या हाताखाली कायदा-अध्ययन (अमेरिका)

कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश न घेता, अनुभवी वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली अभ्यास करून वकिलीची सनद मिळवण्याचा अमेरिकेतील मार्ग. पूर्वी याला नुसते ‘कायदा वाचणे’ म्हणत. आज कॅलिफोर्निया व व्हर्माँटमध्ये ‘लॉ ऑफिस स्टडी’, वॉशिंग्टन राज्यात ‘लॉ क्लर्क’ आणि व्हर्जिनियात ‘लॉ रीडर’ अशी त्याची नावे आहेत. लॉ कॉलेजची पायरीही न चढता बार परीक्षेला, म्हणजे सनदेसाठीच्या परीक्षेला, बसू देणारी राज्ये ही चार. न्यूयॉर्क आणि मेन येथे काही काळ महाविद्यालयात काढून उरलेला अभ्यास कार्यालयात पुरा करता येतो.

कालक्रमाने पाहिले तर हीच मूळ वाट आहे; लॉ कॉलेज नंतरचे. थॉमस जेफरसन व्हर्जिनियातील जॉर्ज विथ यांच्याकडे कायदा शिकले. उमेदवार कार्यालयात दस्तऐवजांच्या नकला करी, अर्ज-कैफियतींचे मसुदे लिही आणि उरलेल्या वेळात इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टन यांचे इंग्लिश कायद्यावरील भाष्य (१७६५–६९) वाची. अब्राहम लिंकन यांना तर गुरूही नव्हता. इलिनॉयमधील न्यू सेलम या खेड्यात उसनी पुस्तके वाचून त्यांनी १८३६ मध्ये सनद मिळवली. पुढे १८५५ साली एका होतकरू तरुणाला पत्र लिहून त्यांनी सल्ला दिला, तो स्वानुभवाचाच होता: पुस्तके मिळवा आणि समजेपर्यंत वाचा, कोणाच्या हाताखाली वाचता ही गोष्ट गौण आहे.

महाविद्यालयांची दारे ज्यांना बंद होती, त्यांच्यासाठी या वाटेचे मोल मोठे होते. पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन वकील मेकन बोलिंग ॲलन हे मेनमधील एका वकिलाकडे शिकून १८४४ मध्ये वकील झाले. अरबेला मॅन्सफिल्ड यांनी भावाच्या कार्यालयात अभ्यास केला आणि १८६९ मध्ये आयोवात त्या देशातील पहिल्या महिला वकील ठरल्या. क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ यांची लढाई आणखी अवघड. कॅलिफोर्नियाचा कायदा गोऱ्या पुरुषांनाच वकील होऊ देत असे. त्यांनी आधी तो कायदा बदलून घेण्यासाठी झुंज दिली आणि मग १८७८ मध्ये सनद घेतली.

१८७० नंतर हार्वर्डमध्ये क्रिस्टोफर लँगडेल यांनी न्यायनिवाड्यांच्या आधारे शिकवण्याची पद्धत रुजवली आणि महाविद्यालयीन शिक्षणाचे वजन वाढले. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२१ मध्ये महाविद्यालयीन शिक्षणाचा आग्रह धरला, आणि एकेका राज्याने जुनी वाट बंद केली. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेमले गेलेले जेम्स बर्न्स हे लॉ कॉलेजात कधीही न गेलेले तेथील अखेरचे न्यायमूर्ती.

कॅलिफोर्नियाचे नियम पाहिले की हा आडमार्ग सोपा असेल हा समज टिकत नाही. अभ्यासक्रम चार वर्षांचा. आठवड्याला किमान १८ तास, वर्षात ४८ आठवडे. म्हणजे एकूण जवळजवळ साडेतीन हजार तास. पर्यवेक्षक वकिलाला त्या राज्यात किमान पाच वर्षे वकिली केल्याचा अनुभव हवा. आठवड्यातून निदान पाच तास त्याने स्वतः शिकवायचे, दर महिन्याला लेखी परीक्षा घ्यायची आणि सहा महिन्यांनी स्टेट बारला (राज्यातील वकिलांच्या नियामक संस्थेला) अहवाल द्यायचा. एका वेळी दोनपेक्षा जास्त उमेदवार घेता येत नाहीत. पहिल्या वर्षानंतर ‘बेबी बार’ नावाने ओळखली जाणारी परीक्षा असते. विषय करार, फौजदारी कायदा आणि अपकृत्ये (ज्यांबद्दल नुकसानभरपाई मागता येते अशी दिवाणी स्वरूपाची गैरकृत्ये). ती पार केल्याखेरीज पुढचा अभ्यास हिशेबात धरला जात नाही. टीव्हीतारका किम कार्दाशियन २०२१ मध्ये चौथ्या प्रयत्नात ती उत्तीर्ण झाल्या, तेव्हा या मार्गाचे नाव जगभर पोहोचले. इतर तीन राज्यांत पदवी आवश्यक असते, मात्र ती कोणत्याही विषयाची चालते. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन पर्यवेक्षकाकडे दहा वर्षांचा अनुभव मागतात.

खरी अडचण असा पर्यवेक्षक मिळण्याची. पक्षकार, तारखा आणि फीचा हिशेब सांभाळून चार वर्षे दर आठवड्याला दुसऱ्यासाठी पाच तास काढणारा वकील विरळाच. लाखो डॉलरच्या शैक्षणिक कर्जातून सुटका हे या मार्गाचे सर्वांत मोठे आकर्षण, पण ज्याच्या घरात वा ओळखीत कोणी वकील नाही त्याच्याच वाट्याला ही शोधाशोध येते. ज्याला स्वस्त शिक्षणाची सर्वाधिक गरज, त्यालाच दार सापडू नये हा या व्यवस्थेतला मोठा अन्याय आहे. सनद मिळाल्यावरही मर्यादा राहते: अनेक राज्ये मान्यताप्राप्त लॉ कॉलेजची पदवी मागत असल्याने ही सनद दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही. तरी पात्रतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. व्हर्माँटच्या सर्वोच्च न्यायालयात १९९७ पासून २०१९ पर्यंत न्यायमूर्ती असलेल्या मॅरिलिन स्कोग्लंड याच वाटेने आल्या होत्या.

भारतात १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टपासून कायद्याची पदवी सक्तीची आहे; महाराष्ट्र आणि गोव्यात ती घेतल्याशिवाय बार कौन्सिलकडून सनद मिळत नाही. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात मात्र डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा देऊन जिल्हा न्यायालयात वकिली करता येई. वल्लभभाई पटेल यांनी उसन्या पुस्तकांवर अभ्यास करून १९०० मध्ये ही परीक्षा दिली आणि गोध्र्याला वकिली सुरू केली. बॅरिस्टर होण्यासाठी ते विलायतेला गेले ते दहा वर्षांनी.