न्यू ऑर्लिन्सला जाण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

ह्यूस्टनला मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेले आमचे अनेक प्रवासी तेथून मोटारीने पाच-सहा तासांवर असलेले न्यू ऑर्लिन्स एका दिवसात ‘उरकण्याचा’ बेत करतात. आमचा आग्रह असा, की किमान दोन रात्री मुक्काम करावा आणि गाडी हॉटेलातच ठेवावी. १७१८ साली फ्रेंचांनी वसवलेले हे शहर पायी हिंडल्यावाचून कळत नाही. जुन्या वस्तीला फ्रेंच क्वार्टर म्हणत असले, तरी १७८८ आणि १७९४ च्या आगींत मूळची बहुतेक घरे जळाल्यामुळे तिची पुढील बांधणी स्पॅनिश अमदानीत झाली. भिंतींआडचे तेथील चौक पाहताना पुणेकरांना वाडे आठवल्यावाचून राहत नाहीत.

मिसिसिपी नदी येथे वळणे घेत वाहत असल्याने पत्ता सांगताना स्थानिक लोक पूर्व-पश्चिम म्हणत नाहीत, ‘नदीकडे’ किंवा (शहराच्या उत्तरेच्या पाँचरट्रेन) ‘सरोवराकडे’ म्हणतात. १८३५ पासून धावणाऱ्या सेंट चार्ल्स मार्गाच्या ट्राममधून एक फेरी अवश्य मारावी. रोखीने भाडे देणार असल्यास सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण चालक मोड देत नाही. बर्बन स्ट्रीटचा रात्रीचा गोंगाट दहा मिनिटे पाहिला तरी पुरे. जॅझ ऐकायचे असेल, तर फ्रेंचमेन स्ट्रीट गाठावा किंवा प्रिझर्व्हेशन हॉलची तिकिटे आगाऊ काढावीत.

शाकाहारी मंडळींनी मात्र विशेष सावध असावे. सोमवार हा पूर्वी धुण्याचा दिवस असे, म्हणून चुलीवर मंद आचेवर राजमा शिजत ठेवण्याची पद्धत पडली. सोमवारचा तो राजमा-भात आजही मिळतो, दिसतोही घरच्यासारखा, पण त्यात बहुधा डुकराचे मांस असते. ‘गंबो’ या मांस किंवा मासे घातलेल्या दाट रश्श्याचे नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आले असले, तरी भेंडीच्या नावावर विसंबून तो मागवू नये. कॅफे द्यू माँद येथील बेन्ये हे तळलेले चौकोनी पाव शाकाहाऱ्यांनी निर्धास्तपणे खावेत असे नसले तरी चवीला अप्रतिम असतात. तळणीच्या तेलाची चौकशी करून घ्यावी. त्यांवर पिठीसाखरेचा ढीग असतो. खाताना हसू नये आणि काळे कपडे घालू नयेत, हा अनुभवाचा सल्ला.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो, म्हणून आम्ही शक्यतो मार्च-एप्रिल सुचवतो. जमिनीवर बांधलेल्या थडग्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सेंट लुईस कबरस्तान क्रमांक १ मध्ये २०१५ पासून पर्यटकांना परवानाधारक मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो. तेथे जायचे असल्यास निघण्यापूर्वीच आम्हाला कळवावे.